अपेंडिक्सचा पू आणि पोर्टल व्हेनमध्ये गुठळी: रक्त पातळ करायचं की नाही?

उमरेडकडच्या एकांनी विचारलं आहे. धाकट्या भावाला, वय ३४, तीन आठवडे थंडी वाजून ताप येत होता. गावात विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइडची इंजेक्शनं झाली. ताप उतरला आणि इंजेक्शनं थांबताच परत आला. नागपुरात ॲडमिट करून सीटी केला तर अपेंडिक्सशेजारी पू आणि लिव्हरकडे जाणाऱ्या पोर्टल व्हेनमध्ये गुठळी निघाली. एक डॉक्टर म्हणतात, रक्त पातळ करायची इंजेक्शनं लगेच सुरू करा. दुसरे म्हणतात, थांबा. ऑपरेशनचं कोणी बोलत नाही. तर कोणाचं ऐकायचं, औषध किती दिवस, आणि भाऊ शेतावर कधी जाऊ शकेल?

तुम्ही लिहिलंय त्यावरून दोघांपैकी कोणी चुकतंय असं मला वाटत नाही. गुठळी हा शब्द ऐकला की घरच्यांचं सगळं लक्ष तिच्याकडे जातं, पण या आजारात गुठळी ही नंतरची गोष्ट आहे. आधी झाला तो अपेंडिक्समधला जंतुसंसर्ग. पहिल्या आठवड्यात जीव वाचतो तो योग्य अँटिबायोटिकने आणि पू बाहेर काढल्याने. रक्त पातळ करणं हा त्याच्या जोडीचा निर्णय आहे: काहींना ते फार गरजेचं असतं, काहींना त्यात फायद्यापेक्षा धोका जास्त. त्यामुळे 'इंजेक्शन द्यायचं का' याच्या आधी डॉक्टरांना विचारा की अँटिबायोटिक कोणतं चालू आहे, पू कधी काढणार, आणि गुठळी नेमकी कुठून कुठपर्यंत आहे.

आजाराचं नाव पायलेफ्लेबायटिस. आतड्यातून निघालेलं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही, आधी लिव्हरमधून गाळून जातं. लहान आतडं, अपेंडिक्स आणि मोठ्या आतड्याचा उजवा भाग यांचं रक्त सुपीरिअर मेसेंटेरिक व्हेनमध्ये येतं. डाव्या भागाचं रक्त प्लीहेच्या शिरेला मिळतं. स्वादुपिंडाच्या मागे या दोन्ही शिरा एकत्र येऊन पोर्टल व्हेन होते, आणि लिव्हरला मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी पाऊण हिस्सा तिच्यातूनच येतो. अपेंडिक्स सडलं की त्याच्या भिंतीतल्या बारीक शिरा सुजतात, त्यांत रक्त गोठतं, आणि जंतूंनी भरलेली ती गुठळी प्रवाहाच्या दिशेने वर सरकत वाढते. तिचे कण सुटून लिव्हरमध्ये गेले की तिथे गळवं होतात. डायव्हर्टिक्युलायटिस (मोठ्या आतड्यावरच्या फुगवट्यांचा संसर्ग), स्वादुपिंडाची सूज, पित्तनलिकेतला संसर्ग, आतड्याला सूज आणणारा क्रोन्सचा आजार यांतूनही हेच घडू शकतं. नवजात बाळाची नाळ पिकली तरी.

जंतू बहुतेक वेळा एकटा नसतो. ई. कोलाय, क्लेबसिएला, स्ट्रेप्टोकोकस आणि ऑक्सिजनशिवाय वाढणारा बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस ही नेहमीची मंडळी. यातला बॅक्टेरॉइड्स जास्त खोडकर. आपल्या शरीरात रक्त वाहतं ठेवणारा हेपॅरिनसारखा पदार्थ असतो, तो तोडणारं एन्झाइम हा जंतू स्वतः तयार करतो. म्हणजे गुठळी व्हायला तो थेट हातभार लावतो. म्हणून रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या चाचणीत, बॅक्टेरॉइड्स आला तर मी रक्त पातळ करण्याकडे जास्त झुकतो.

आता त्या टायफॉइडबद्दल. आपल्याकडे एकट्या विडालवर टायफॉइड ठरवणं ही जुनी सवय आहे. ज्या भागात टायफॉइड नेहमीचा आहे तिथे ही चाचणी दुसऱ्या तापातही पॉझिटिव्ह येऊ शकते. टायफॉइडसाठी दिलं जाणारं सेफ्ट्रायअॅक्सोन ई. कोलायला थोडंफार दाबतं, पण बॅक्टेरॉइड्सवर त्याचा भरवसा नाही, आणि साचलेल्या पुवात तर ते पुरतच नाही. म्हणून ताप उतरतो आणि डोस संपला की परत येतो. थंडी वाजून येणारा ताप, सोबत पोटात कुठेतरी बोथट दुखणं, रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे लिव्हरचं एन्झाइम किंचित वर, असं दिसलं की तिसऱ्यांदा अँटिबायोटिक बदलण्याआधी पोटाचा सीटी व्हायला हवा. कावीळ या आजारात असेलच असं नाही, आणि पोट दगडासारखं कडकही नसतं. त्यामुळेच निदानाला उशीर होतो.

कल्चरबद्दल थोडं खोलात सांगतो, कारण पुढचे सगळे दिवस त्यावर ठरतात. रक्ताचे किमान दोन संच, वेगवेगळ्या हातांतून, आणि प्रत्येक संचात दोन बाटल्या: एक ऑक्सिजनवाली, एक बिनऑक्सिजनवाली. मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी एकच बाटली जाते, तीही ऑक्सिजनवाली, आणि तीन-चार मिली रक्त टाकून. मग बॅक्टेरॉइड्स सापडणार कसा? त्यात आधीच अँटिबायोटिक झालेलं असतं. तुमच्या भावाचं रक्ताचं कल्चर निगेटिव्ह आलं असेल तर त्याचा अर्थ जंतू नाहीत असा घेऊ नका. अपेंडिक्सजवळचा पू सुईने काढला तर तो दोन्ही प्रकारच्या कल्चरला गेला ना, हे विचारा. रक्त निगेटिव्ह आणि पू पॉझिटिव्ह, असं खूपदा होतं.

सोनोग्राफी नॉर्मल होती म्हणून घरच्यांची चिडचिड होते. पण आतड्यात गॅस असला की मेसेंटेरिक शीर सोनोग्राफीत झाकली जाते. कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, पोर्टल व्हेनसाठी चांगला, तरी तोही करणाऱ्याच्या हातावर अवलंबून. खरं चित्र कॉन्ट्रास्ट (शिरा उठून दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध) दिलेल्या सीटीतच दिसतं, आणि तोही पोर्टल फेजमध्ये, म्हणजे कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण ६० ते ७० सेकंदांनी काढलेला. रिपोर्टमध्ये चार गोष्टी शोधा: गुठळी फक्त पोर्टल व्हेनच्या फांदीत आहे की मुख्य खोडात, ती मेसेंटेरिक शिरेत उतरली आहे का, शीर पूर्ण बंद आहे की अर्धवट, आणि लिव्हरमध्ये गळवं किती व केवढी. आतड्याची भिंत सुजली आहे का हेही. रिपोर्टचा कागद पुरत नाही. दुसरं मत घ्यायला रामदासपेठेत जा, धंतोलीत जा, मेडिकल, मेयो किंवा एम्स या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत जा, सीटीची सीडी आणि आजवर दिलेल्या अँटिबायोटिकची तारखांसह यादी बरोबर हवीच.

अँटिबायोटिकचं म्हणाल तर सुरुवात शिरेतूनच. पाइपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम दर सहा ते आठ तासांनी, किंवा सेफ्ट्रायअॅक्सोन २ ग्रॅम रोज एकदा आणि जोडीला मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी, ही नेहमीची निवड. रुग्ण खूप आजारी असेल, किंवा आधी दोन-तीन अँटिबायोटिक होऊन गेली असतील, तर मी मेरोपेनेम १ ग्रॅम दर आठ तासांनी देतो, कारण आपल्याकडच्या ई. कोलायमध्ये सेफ्ट्रायअॅक्सोनला न जुमानणारे बरेच आहेत. कल्चर आलं की त्यानुसार कमी व्याप्तीचं औषध निवडायचं. पाइपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेम चालू असताना बॅक्टेरॉइड्ससाठी वेगळं मेट्रोनिडॅझोल लागत नाही, ती दोन्ही औषधं ते काम करतात. अमिबाचं गळू असल्याची शंका असेल तर गोष्ट वेगळी.

किती दिवस? कमीत कमी चार आठवडे, लिव्हरमध्ये गळू असेल तर सहा. इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. ताप गेला, भूक लागली, डिस्चार्ज झाला, आणि दहाव्या दिवशी गोळ्या बंद. गुठळीच्या आत रक्तपुरवठा नसतो, औषध तिथे हळूहळू आणि अपुरं पोचतं, म्हणून दिवस लांबवावे लागतात. पहिले दोन-तीन आठवडे शिरेतून, मग ताप नाही, सीआरपी (संसर्गाचा अंदाज देणारी रक्ताची चाचणी) उतरतंय आणि जेवण पचतंय अशी स्थिती आली की कल्चरप्रमाणे गोळ्या. रोज वॉर्डात राहणं परवडत नसेल तर एर्टापेनेम १ ग्रॅम दिवसातून एकदा देता येतं, ते जवळच्या दवाखान्यातही घेता येईल. मेट्रोनिडॅझोल चार आठवड्यांच्या पुढे गेलं तर पायांना मुंग्या येतात का ते बघत राहा. आल्या तर लगेच सांगा, ते औषध बदलता येतं. आणि ते चालू असेपर्यंत दारूचा थेंबही नको.

ऑपरेशन लगेच का नाही? पू एका जागी कोंडलेला असेल आणि पोटभर पसरलेला नसेल, तर त्या सुजलेल्या जागेत शिरणं जास्त धोक्याचं. आतडी एकमेकांना चिकटलेली असतात, अपेंडिक्स शोधताना आतड्यालाच भोक पडू शकतं. म्हणून सोनोग्राफी किंवा सीटीखाली नळी घालून पू काढतात, अँटिबायोटिक पूर्ण करतात, आणि सहा ते आठ आठवड्यांनी अपेंडिक्स काढायचं का ते ठरवतात. अपेंडिक्स फुटून पोटभर पू झाला असेल किंवा आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असेल, तर थांबण्याचा प्रश्नच नाही, त्याच दिवशी ऑपरेशन. लिव्हरमधली पाच सेंटिमीटरच्या वरची गळवंही नळीने काढतात. बारीक बारीक अनेक असतील तर ती औषधानेच विरतात, प्रत्येकात सुई घालता येत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. या एका मुद्द्यावर चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि तुलना केली, असा अभ्यास उपलब्ध नाही. म्हणून डॉक्टर रुग्ण बघून ठरवतात, आणि म्हणून दोघांची उत्तरं वेगळी येतात. माझा हिशेब असा. गुठळी मेसेंटेरिक शिरेत उतरली असेल तर मी देतो, कारण ती शीर पूर्ण बंद झाली तर आतडं काळं पडतं. मुख्य पोर्टल व्हेन बंद असेल, दुसऱ्या सीटीत किंवा डॉपलरमध्ये गुठळी वाढलेली दिसली, योग्य अँटिबायोटिक पाच-सात दिवस देऊनही ताप हटत नसेल, किंवा रुग्णाला आधीपासून गुठळ्यांची प्रवृत्ती असेल, तरीही देतो. याउलट लिव्हरमधल्या एखाद्या बारीक फांदीतच गुठळी असेल आणि अपेंडिक्स काढून झालं असेल तर मी नुसता डॉपलर करत लक्ष ठेवतो.

'थांबा' म्हणणाऱ्या डॉक्टरांकडेही कारण असतं. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील, नळी घालायची आहे, उलटीतून किंवा शौचातून रक्त जातंय, लिव्हर आधीच खराब आहे, तर एक-दोन दिवस थांबणं शहाणपणाचं. बहुतेकदा 'अजून नको'चा अर्थ 'उद्या नळी घातल्यावर' एवढाच असतो. तो अर्थ स्पष्ट विचारून घ्या, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

सुरुवात साधारण एनॉक्सापॅरिनने होते: वजनाच्या दर किलोला १ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, त्वचेखाली. साठ किलोच्या माणसाला ६० मिलिग्रॅमची भरलेली सिरिंज सकाळ-संध्याकाळ. किडनी फार कमकुवत असेल तर हाच डोस दिवसातून एकदाच. दोन दिवसांत नळी किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर मी साधं हेपॅरिन पंपावर लावतो, कारण ते बंद केल्यावर चार ते सहा तासांत उतरतं. एनॉक्सापॅरिनचा शेवटचा डोस मात्र ऑपरेशनच्या २४ तास आधी व्हायला हवा. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान प्लेटलेट पुन्हा मोजायच्या, हेपॅरिनमुळेच त्या घसरत असतील तर तेव्हाच कळतं.

घरी इंजेक्शन द्यायची वेळ आली तर बेंबीपासून दोन इंच लांब, पोटाची चरबी चिमटीत धरून, सुई उभी घालायची. पुवाची नळी ज्या बाजूला असेल ती बाजू सोडून. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा पूर्ण डोस द्यायचा असेल तर काढायचा नाही, नाहीतर औषधही बाहेर जातं. नंतर जागा चोळायची नाही, काळानिळा डाग मोठा होतो. नागपूरच्या मे महिन्यात ही इंजेक्शनं कपाटात ठेवू नका. खोक्यावर लिहिलेलं तापमान वाचा आणि त्याप्रमाणेच ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नाही.

नंतर गोळ्या, कमीत कमी तीन महिने. वॉरफॅरिन किंवा अॅसेनोकुमेरॉल असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, २ ते ३ मध्ये हवा, आणि तो २ च्या वर टिकेपर्यंत इंजेक्शन चालूच. सगळ्यात मोठा खड्डा इथे आहे: मेट्रोनिडॅझोल या दोन्ही गोळ्यांचा परिणाम खूप वाढवतं. दोन्ही एकत्र चालू असताना आयएनआर दर दोन-तीन दिवसांनी बघावा लागतो आणि गोळीचा डोस बऱ्याचदा एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाने कमी करावा लागतो. मेट्रोनिडॅझोल बंद झालं की आयएनआर खाली येतो, मग डोस पुन्हा वाढवायचा. या दुसऱ्या टप्प्याची आठवण सहसा कोणी ठेवत नाही. जेवणाचं पथ्य म्हणाल तर पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) बंद करायची गरज नाही. फक्त रोज साधारण सारखं प्रमाण ठेवा. एक दिवस ताटभर सांबारवड्या आणि मग आठवडाभर हिरवं काहीच नाही, याने आयएनआर झुलत राहतो. रिव्हरोक्सॅबॅन किंवा अॅपिक्सॅबॅनला आयएनआर लागत नाही, पण लिव्हर फार बिघडलेली असेल तर ती देत नाहीत, आणि टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर ती नीट काम करत नाहीत. रिव्हरोक्सॅबॅनची १५ आणि २० ची गोळी जेवणासोबतच घ्यायची, उपाशीपोटी ती पूर्ण शोषली जात नाही. अंगदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल घ्या.

विदर्भातल्या रुग्णात मी दोन-तीन गोष्टी आवर्जून बघतो. पहिली सिकलसेल, हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार. आपल्या भागात ती इतकी आहे की हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारी एचपीएलसी चाचणी झालेली नसेल तर करून घ्यावी. नुसता वाहक असेल तर निर्णय फारसा बदलत नाही. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार, असेल तर रक्त मुळातच गोठायला तयार असतं, पोटदुखीला 'क्रायसिस', म्हणजे सिकलसेलच्या दुखण्याचा झटका, म्हणून सोडून दिलं जाण्याची भीती असते, आणि ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन १० च्या आसपास आणायला रक्त चढवावं लागतं. दुसरी गोष्ट अमिबाचं गळू. तेही शिरेत गुठळी करू शकतं. त्यात मेट्रोनिडॅझोल झाल्यावर आतड्यातला अमिबा मारायला डायलोक्सानाइड फ्युरोएट ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दहा दिवस, हा कोर्स लागतो आणि तोच विसरला जातो. तिसरी, पावसाळ्यानंतरचा डेंग्यू आणि स्क्रब टायफस. प्लेटलेट घसरलेल्या असताना हेपॅरिन सुरू करण्याआधी ते तपासलेले बरे. साखरही बघा. मधुमेहात क्लेबसिएलाची गळवं जास्त.

एका गोष्टीवर पैसे वाया घालवू नका: ताप असताना प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन यांचं, म्हणजे गुठळ्यांची जन्मजात प्रवृत्ती शोधणाऱ्या चाचण्यांचं, महागडं पॅकेज. ताज्या गुठळीत आणि संसर्गात हे आकडे असेही खाली येतात, वॉरफॅरिनने सी आणि एस अजून खाली जातात. मग कागदावर आयुष्यभराचा आजार चिकटतो, जो मुळात नसतो. कारण अपेंडिक्स असल्याचं स्पष्ट असेल तर हे बहुतेकांना लागतही नाही. घरात आणखी कोणाला गुठळ्या झाल्या असतील, तर औषध थांबल्यावर करा. खर्चाचा ताण असेल तर ॲडमिट असतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा, डिस्चार्जनंतर नाही.

रात्री-बेरात्री न थांबता दाखवावं असं काय? पोट दाबल्यावर फारसं दुखत नाही पण रुग्ण तळमळतोय, पोट फुगत चाललंय, गॅस सरत नाही, शौचातून रक्त जातंय: हे आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असल्याचं असू शकतं. रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असताना काळं डांबरासारखं शौच, रक्ताची उलटी, डोक्याला मार किंवा अचानक जोराची डोकेदुखी. आणि पुन्हा थंडी वाजून ताप, मग तो औषध संपल्यावर महिन्याने का असेना.

गुठळी जाईल का, हे आज सांगता येणार नाही. लवकर उपचार सुरू झाले आणि शीर अर्धवटच बंद असेल तर ती मोकळी होण्याची शक्यता चांगली. तीन महिन्यांनी सीटी किंवा डॉपलर करून बघतात. मोकळी झाली असेल तर गोळी बंद करण्याचा विचार. शीर बंदच राहिली तर तिच्याभोवती बारीक शिरांचं जाळं तयार होतं, आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगू शकतात. तेव्हा एकदा एंडोस्कोपी करून घ्यायची, कारण त्या शिरा फुटल्या तर रक्ताची उलटी होते. फुगलेल्या दिसल्या तर बँड लावता येतात किंवा गोळी देता येते.

शेताचं उत्तर यावरच अवलंबून आहे. नळी निघाली, ताप गेला आणि जेवण सुरळीत झालं की देखरेख करायला, पाणी सोडायला जायला हरकत नाही. अवजड उचलणं अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन जखम भरेपर्यंत नको. ऑपरेशन ठरलं तर वॉरफॅरिन पाच दिवस आधी थांबवावं लागतं, तेही परस्पर नाही, डॉक्टरांना विचारूनच. आणि गोळ्या चालू असेपर्यंत विळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन उताराची वाट, ही कामं घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी द्या.